वॉरफरिनवरची देखरेख : अमेरिकेतील शुश्रूषागृहे आणि सल्लागार फार्मासिस्ट यांचा इतिहास

अमेरिकेतील दीर्घकालीन शुश्रूषागृहांत राहणाऱ्या वृद्धांना रक्त गोठण्याची क्रिया मंदावणारी औषधे देण्याची आणि त्या औषधांवर फार्मासिस्टने देखरेख ठेवण्याची जी पद्धत आज रूढ आहे, तिच्यात तीन वेगवेगळे इतिहास एकत्र आले आहेत. पहिला इतिहास गुरांच्या वैरणीत सापडलेल्या एका विषाचा, दुसरा निवृत्तिवेतनाच्या कायद्यातील एका कलमाच्या आडोशाने वाढलेल्या संस्थेचा आणि तिसरा औषधे विकण्याच्या कामापासून रुग्णाची कागदपत्रे तपासण्याच्या कामापर्यंत सरकलेल्या व्यवसायाचा. हे तिन्ही प्रवाह विसाव्या शतकाच्या अखेरीस एका ठिकाणी मिळाले, तरी त्यांचे कालमान जुळले नाही. वॉरफरिन या औषधाचा परिणाम दोन-तीन दिवसांत पालटू शकतो, तर कायद्याने फार्मासिस्टची तपासणी महिन्यातून एकदा असे ठरवून दिले. गेल्या पन्नास वर्षांतील घडामोडींचा अर्थ या दोन वेळापत्रकांमधील अंतर ध्यानात घेतल्याशिवाय लागत नाही.

येथे शुश्रूषागृह म्हणताना महाराष्ट्रात नर्सिंग होम या नावाने ओळखले जाणारे छोटे खासगी रुग्णालय अभिप्रेत नाही. ज्या संस्थेत वृद्ध किंवा अपंग माणसे महिनोन्‌महिने, पुष्कळदा अखेरपर्यंत राहतात, जिथे परिचारिका चोवीस तास असतात, पण डॉक्टर ठरावीक दिवशीच येतात, अशी ही संस्था आहे. डॉक्टरची ही अनुपस्थिती पुढील सर्व इतिहासात महत्त्वाची ठरते.

औषधाची कथा शेतावर सुरू होते. 1920च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील मैदानी राज्यांतील गुरे अंतर्गत रक्तस्रावाने मरू लागली आणि शिंगे कापण्यासारख्या किरकोळ कामातही त्यांचे रक्त थांबेनासे झाले. लसूणघासाच्या कुळातील स्वीट क्लोव्हर ही वैरण ओलसर राहून बुरसली की हा रोग होतो, हे ओंटॅरिओतील पशुरोगतज्ज्ञ फ्रँक स्कोफिल्ड यांनी दाखवले, आणि नॉर्थ डाकोटातील ली रॉडरिक यांनी या गुरांच्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन, म्हणजे रक्त गोठण्यासाठी लागणारे एक प्रथिन, कमी पडते असे सिद्ध केले. 1933च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी, एड कार्लसन, हिमवादळातून मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठातील जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्याकडे आला. लिंक यांच्या प्रयोगशाळेने सहा वर्षे खपून 1939मध्ये वैरणीतील विषारी द्रव्य स्फटिकरूपात वेगळे काढले. वनस्पतीतील निरुपद्रवी कूमारिनपासून बुरशीमुळे तयार होणाऱ्या या द्रव्याला डायकूमारॉल हे नाव मिळाले आणि 1941 पासून मेयो क्लिनिकसारख्या रुग्णालयांत ते माणसांवर वापरले जाऊ लागले.

त्याच प्रयोगशाळेत तयार झालेल्या अनेक कूमारिन संयुगांपैकी एक 1948मध्ये उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या विस्कॉन्सिन ॲलम्नाय रिसर्च फाउंडेशन या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव वॉरफरिन ठेवले गेले. 1951मध्ये एका सैनिकाने हे विष मोठ्या प्रमाणात खाऊन आत्महत्येचा प्रयत्न केला आणि ‘के’ जीवनसत्त्व दिल्यावर तो पूर्ण बरा झाला. या घटनेमुळे हे विष उताऱ्याने आवरता येते हे कळले आणि माणसांवरील प्रयोगांना चालना मिळाली. 1954मध्ये कूमाडिन या नावाने त्याला वैद्यकीय वापराची मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना ते दिले गेल्याने उंदरांच्या विषाविषयीचा संकोच बराचसा मावळला.

हे औषध हाताळायला अवघड का, हे त्याच्या कार्यपद्धतीवरून समजते. यकृतात तयार होणारी रक्त गोठवणारी काही प्रथिने कार्यक्षम होण्यासाठी ‘के’ जीवनसत्त्व लागते. एकदा वापरलेले हे जीवनसत्त्व पुन्हा उपयोगात आणणाऱ्या विकराला वॉरफरिन अडवते. परंतु रक्तात आधीच फिरत असलेली प्रथिने आपापल्या गतीने संपत जातात, काही काही तासांत तर काही दोन-तीन दिवसांत, त्यामुळे आज बदललेल्या मात्रेचा परिणाम आज दिसत नाही. शिवाय पालेभाज्यांतून मिळणारे ‘के’ जीवनसत्त्व, यकृताची अवस्था, ताप, अतिसार आणि सोबतची इतर औषधे या प्रत्येकाने परिणाम कमी-जास्त होतो. मात्रा कमी पडली तर गुठळी आणि जास्त झाली तर रक्तस्राव, अशा दोन धोक्यांमधील वाट अरुंद असल्यामुळे रक्ताची वारंवार तपासणी हा या उपचाराचा अविभाज्य भाग बनला.

ही तपासणी आर्मंड क्विक यांनी 1935मध्ये मांडलेल्या प्रोथ्रॉम्बिन कालमापनावर आधारलेली होती, म्हणजे रक्तद्रवात ठरावीक द्रव्य मिसळल्यावर गोठण्यास किती सेकंद लागतात हे मोजणे. मात्र ते द्रव्य प्रत्येक प्रयोगशाळेत सारखे नसल्यामुळे एकाच रक्ताचे उत्तर दोन ठिकाणी दोन प्रकारचे येई. जागतिक आरोग्य संघटनेने 1983मध्ये पुरस्कारलेल्या आंतरराष्ट्रीय प्रमाणित गुणोत्तरामुळे, म्हणजेच आयएनआरमुळे, हा घोळ मिटला. निरोगी माणसाचा आयएनआर सुमारे 1 असतो, वॉरफरिन घेणाऱ्या बहुतेक रुग्णांत तो 2 ते 3 च्या दरम्यान ठेवायचा असतो आणि हृदयाच्या काही कृत्रिम झडपांसाठी त्याहून थोडा वर. डॉक्टरच्या पलीकडे परिचारिकेला व फार्मासिस्टलाही औषधाची स्थिती एका आकड्यात वाचता येऊ लागली, हा या प्रमाणीकरणाचा फारसा नोंदला न गेलेला परिणाम होय.

शुश्रूषागृहाचा उगमही 1935च्या सुमाराचाच, पण वेगळ्या कारणाने झालेला. 1935च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने गरीब वृद्धांना रोख मदत देऊ केली, मात्र सार्वजनिक आश्रयसंस्थांत राहणाऱ्यांना ती नाकारली. जुनी, बदनाम झालेली दरिद्रालये बंद पडावीत हा त्यामागील हेतू होता. प्रत्यक्षात मदतीचे पैसे घेऊन वृद्ध माणसे खासगी घरगुती निवासांकडे वळली आणि या निवासांतूनच शुश्रूषागृहांचा व्यवसाय उभा राहिला. 1950च्या दुरुस्तीने त्यांना परवाना पद्धतीखाली आणण्याची अट आली, 1954मध्ये रुग्णालय बांधणीचा केंद्रीय निधी त्यांना खुला झाला आणि 1965मध्ये मेडिकेअर व मेडिकेड या दोन सरकारी योजनांनी त्यांचा खर्च उचलायला सुरुवात केल्यावर हा व्यवसाय झपाट्याने फोफावला. पहिली योजना मुख्यतः 65 वर्षांवरील सर्वांसाठी आणि दुसरी अल्प उत्पन्न गटासाठी असली, तरी दोन्हींचा पैसा हवा असेल तर केंद्राचे नियम पाळावे लागत, आणि या एका दोरीनेच पुढे फार्मासिस्टला शुश्रूषागृहाच्या दारात आणले.

सल्लागार फार्मासिस्ट ही कल्पना 1950च्या दशकात अमेरिकेच्या लोकआरोग्य सेवेतील फार्मासिस्ट जॉर्ज आर्चमबॉल्ट यांच्या नावाशी जोडली जाते. शुश्रूषागृहाला औषधे पुरवणे हे एक काम आणि ती औषधे योग्य आहेत का, त्यांचा साठा, नोंद व वाटप नीट होते का हे पाहणे हे दुसरे काम, हा भेद त्यांनी आग्रहाने मांडला. 1969मध्ये अशा फार्मासिस्टांची अमेरिकन सोसायटी ऑफ कन्सल्टंट फार्मासिस्ट्स ही संघटना स्थापन झाली आणि 1974च्या केंद्रीय नियमाने कुशल शुश्रूषा देणाऱ्या संस्थांतील प्रत्येक रहिवाशाच्या औषधयोजनेचा महिन्यातून एकदा आढावा घेणे बंधनकारक केले. पुढच्याच वर्षी सिनेटर फ्रँक मॉस यांच्या उपसमितीने शुश्रूषागृहांतील औषधांचा गैरवापर, वाढीव किमती आणि पुरवठादारांकडून मालकांना मिळणारी दलाली यांवर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. त्यामुळे या नव्या व्यवसायाला आवश्यकतेचा आधार मिळाला, तसाच संशयाचा वारसाही मिळाला, कारण आढावा घेणारा फार्मासिस्ट पुष्कळदा औषधे पुरवणाऱ्या दुकानाचाच नोकर असे.

या आढाव्याचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. फार्मासिस्ट महिन्यातून एकदा संस्थेत येई, प्रत्येक रहिवाशाची औषधपत्रिका, डॉक्टरचे आदेश, प्रयोगशाळेचे अहवाल आणि परिचारिकांच्या नोंदी वाची, आणि जिथे विसंगती दिसेल तिथे डॉक्टरांसाठी व मुख्य परिचारिकेसाठी लेखी शिफारस ठेवून जाई. मात्रा स्वतः बदलण्याचा अधिकार त्याला नव्हता. शिफारस स्वीकारायची की नाकारायची हे डॉक्टर ठरवत आणि डॉक्टरचे उत्तर येईपर्यंत काही दिवस, कधी काही आठवडे जात. झोपेच्या गोळ्या, रेचके किंवा अनावश्यक जीवनसत्त्वे यांच्या बाबतीत ही गती चालण्यासारखी होती आणि 1974मध्ये नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने अशीच औषधे, विशेषतः रहिवाशांना गुंगीत ठेवणारी औषधे, होती. तोवर वॉरफरिन शुश्रूषागृहांत फारसे नव्हते. कृत्रिम झडप असलेले किंवा पायातील शिरांत गुठळी झालेले मोजके रहिवासी सोडले, तर अतिवृद्धांना ते देण्याची डॉक्टरांना भीती वाटे.

ही स्थिती 1989 ते 1992 या काळात पालटली. ॲट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नियमित आकुंचन न पावता नुसते थरथरत राहणे, हा वार्धक्यातील सर्रास आढळणारा विकार आहे. त्यात साचलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होतो. मॅसॅच्युसेट्समधील फ्रॅमिंगहॅम अभ्यासाने या विकारात पक्षाघाताची शक्यता सुमारे पाचपट होते आणि ऐंशीच्या घरातील लोकांत होणाऱ्या पक्षाघातांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा याच कारणाने होतो, असे 1991मध्ये दाखवले. त्याच सुमारास कोपनहेगन, बॉस्टन, कॅनडा आणि अमेरिकेतील इतर केंद्रांत झालेल्या पाच चाचण्यांचे निष्कर्ष आले. त्यांच्या एकत्रित विश्लेषणात वॉरफरिनमुळे पक्षाघाताचे प्रमाण 68 टक्क्यांनी घटल्याचे 1994मध्ये मांडले गेले. ज्या वयोगटाला हे औषध द्यायला डॉक्टर कचरत होते, त्याच वयोगटाला त्याचा सर्वाधिक लाभ होतो असा याचा अर्थ होता, आणि शुश्रूषागृहात तर हाच वयोगट राहत होता.

औषध वाढले, व्यवस्था मात्र जुनीच राहिली. सकाळी रक्त काढले जाई, ते बाहेरच्या प्रयोगशाळेत जाई, दुपारी किंवा संध्याकाळी अहवाल फॅक्सने येई, पाळीवरील परिचारिका डॉक्टरला दूरध्वनी करी, डॉक्टर तोंडी आदेश देई, तो औषधपत्रिकेवर उतरवला जाई आणि नवी मात्रा औषध दुकानातून येई. अमेरिकेत वॉरफरिनच्या गोळ्यांना मात्रेनुसार ठरावीक रंग आहेत, 1 मिलिग्रॅमची गुलाबी, 5 मिलिग्रॅमची फिकट केशरी, 10 मिलिग्रॅमची पांढरी. तरीही एका रहिवाशासाठी दोन वेगळ्या मात्रांच्या गोळ्या वेगवेगळ्या वारी द्यायच्या असल्या की चूक होई. या साखळीचा कोणताही दुवा तुटला तर पुढची रक्ततपासणी सांगायचीच राहून जाई. त्यातच मूत्रमार्गाचा संसर्ग हा शुश्रूषागृहातील नित्याचा आजार आणि त्यासाठी दिले जाणारे सल्फामेथॉक्साझोल-ट्रायमेथोप्रिम हे प्रतिजैविक वॉरफरिनचा परिणाम चटकन वाढवणारे. शुक्रवारी संध्याकाळी दूरध्वनीवरून सुरू झालेल्या प्रतिजैविकामुळे पुढच्या आठवड्यात आयएनआर धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो, आणि मासिक आढाव्याला येणारा फार्मासिस्ट ती नोंद पाहीपर्यंत रक्तस्राव होऊन गेलेला असू शकतो.

या व्यवस्थेचे मोजमाप कनेटिकट राज्यातील दोन अभ्यासांनी केले. 21 संस्थांतील ॲट्रियल फिब्रिलेशन असलेल्या 429 रहिवाशांच्या 2001मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 42 टक्क्यांना वॉरफरिन मिळत होते, आणि ज्यांना ते मिळत होते त्यांचा आयएनआर जेमतेम निम्मा काळ, 51 टक्के, योग्य मर्यादेत होता. म्हणजे ज्यांना औषध हवे त्यांतील अनेकांना ते मिळत नव्हते आणि ज्यांना मिळत होते त्यांचे ते धड सांभाळले जात नव्हते. जेरी गुरविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 25 संस्थांतील 490 रहिवाशांवर वर्षभर लक्ष ठेवून 2007मध्ये जे प्रसिद्ध केले त्यात वॉरफरिनशी निगडित 720 अपाय नोंदले गेले. त्यांतील 87 टक्के किरकोळ होते, पण गंभीर, जीवघेण्या किंवा प्राणघातक ठरलेल्या अपायांपैकी 57 टक्के टाळता येण्याजोगे होते. अपाय जितका मोठा तितकी तो टाळण्याची संधी अधिक, हा निष्कर्ष देखरेखीतील उणिवेवर थेट बोट ठेवणारा होता.

यावर उपाय नव्हता असे नाही. रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत 1970च्या दशकापासून फार्मासिस्ट चालवत असलेली गोठणरोधक औषधांची चिकित्सालये निघू लागली होती. तेथे आयएनआर पाहून फार्मासिस्टच मात्रा ठरवी आणि पुढची तारीख देई. वॉशिंग्टन राज्याने 1979मध्ये डॉक्टर व फार्मासिस्ट यांच्यातील लेखी कराराने असा अधिकार सोपवण्याची कायदेशीर तरतूद केली आणि हळूहळू इतर राज्यांनीही तो मार्ग धरला. शुश्रूषागृहांत मात्र ही पद्धत तुरळकच पोहोचली, कारण तेथील फार्मासिस्टची भूमिका केंद्रीय नियमाने आढावा घेणाऱ्याची ठरवली होती आणि महिन्यातून एका दिवसासाठी येणाऱ्या माणसावर रोजच्या मात्रेची जबाबदारी सोपवणे व्यवहार्यही नव्हते. चिकित्सालयातील फार्मासिस्ट निर्णय घेत असे आणि शुश्रूषागृहातील फार्मासिस्ट निर्णयावर अभिप्राय देत असे. पात्रता एकच असूनही दोघांच्या अधिकारांत एवढा फरक होता.

कायदा बदलला, पण सावकाश. 1987च्या शुश्रूषागृह सुधारणा कायद्याने अनावश्यक औषधापासून संरक्षण हा रहिवाशाचा हक्क मानला, आणि पुरेशी तपासणी न करता दिलेले औषध हेही अनावश्यक औषधच, अशी व्याख्या पुढील नियमांत आली. वॉरफरिनच्या दृष्टीने ही व्याख्या मोलाची होती, कारण आयएनआर न पाहता चालू ठेवलेली गोळी आता निव्वळ हलगर्जी न राहता नियमभंग ठरत होती. 2006च्या सुधारित मार्गदर्शनाने, थोड्या दिवसांसाठी आलेल्या किंवा प्रकृती अचानक बदललेल्या रहिवाशांचा आढावा महिन्याआधीच घ्यावा लागू शकतो, हे मान्य केले. 2014मध्ये केंद्रीय आरोग्य विभागाच्या महानिरीक्षकांनी, रुग्णालयातून कुशल शुश्रूषेसाठी आलेल्या मेडिकेअर लाभार्थ्यांपैकी 22 टक्क्यांना गंभीर अपाय आणि आणखी 11 टक्क्यांना तात्पुरती इजा झाल्याचा अहवाल दिला आणि औषधे हे त्याचे एक प्रमुख कारण असल्याचे नोंदवले. 2015मध्ये प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता संस्थेने सरकारी तपासणी अहवाल चाळून, 2011 ते 2014 या काळात वॉरफरिनच्या हाताळणीतील चुकांमुळे किमान 165 रहिवासी रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले, असे वॉशिंग्टन पोस्टमध्ये मांडले. त्यानंतर 2016च्या नियमांनी फार्मासिस्टची शिफारस संस्थेच्या वैद्यकीय संचालकापर्यंत जाणे आणि तातडीच्या विसंगतीवर किती वेळात काय करायचे याचे लेखी धोरण असणे सक्तीचे केले. मासिक आढावा अपुरा आहे याची ही, चाळीस वर्षांनी मिळालेली, कायदेशीर कबुली होती.

तोवर औषधच बदलू लागले होते. 2010मध्ये डाबिगाट्रान, 2011मध्ये रिव्हारोक्साबान आणि 2012च्या अखेरीस अपिक्साबान यांना ॲट्रियल फिब्रिलेशनसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. ही औषधे ‘के’ जीवनसत्त्वाच्या वाटेने न जाता गोठण्याच्या साखळीतील एकेका विकराला थेट अडवतात, त्यांचा परिणाम काही तासांत सुरू होतो, आहाराशी त्यांचे फारसे वैर नसते आणि आयएनआर मोजत बसावे लागत नाही. त्यांच्यावरील देखरेख वय, वजन आणि मूत्रपिंडाची कार्यक्षमता यांवर अवलंबून असते. अपिक्साबानची मात्रा निम्मी करण्यासाठी वय 80 किंवा अधिक, वजन 60 किलो किंवा कमी आणि रक्तातील क्रिएटिनिन 1.5 किंवा अधिक, या तिन्हींपैकी दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. हे सर्व घटक आठवड्यामहिन्यांनी बदलणारे असल्यामुळे फार्मासिस्टचा मासिक आढावा त्यांना बराचसा पुरतो. म्हणजे कायद्याने औषधाचा वेग गाठण्याआधी औषधच कायद्याच्या वेगावर आले. 2020मध्ये कूमाडिन या मूळ नावाच्या गोळ्यांचे उत्पादन थांबले, जरी जेनेरिक वॉरफरिन चालूच आहे आणि यांत्रिक झडप बसवलेल्यांना त्याखेरीज पर्याय नाही.

नव्या औषधांनी प्रश्न संपवला असे मात्र म्हणता येत नाही. गोठणरोधक औषधे घेणाऱ्या रुग्णांसाठी स्वतंत्र सेवाकेंद्रांची जुनी परंपरा असलेल्या नेदरलँड्समध्ये झालेल्या फ्रेल-एएफ या चाचणीत, ‘के’ जीवनसत्त्वाच्या वाटेने जाणाऱ्या जुन्या औषधावर असलेल्या 75 वर्षांवरील दुर्बल वृद्धांपैकी काहींना नवे औषध दिले गेले. 2023मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार औषध बदललेल्यांपैकी 15.3 टक्क्यांना, तर जुन्याच औषधावर राहिलेल्यांपैकी 9.4 टक्क्यांना दखल घेण्याजोगा रक्तस्राव झाला. जुन्या औषधावर चांगल्या देखरेखीखाली स्थिरावलेल्या माणसाला केवळ सोयीसाठी हलवू नये, असा त्याचा व्यावहारिक अर्थ आहे. दुसरी अडचण अशी की नव्या औषधांबरोबर आयएनआरचा आकडाही गेला. चूक झाली की प्रयोगशाळेतून धोक्याची सूचना येत असे, ती आता येत नाही, आणि मूत्रपिंड मंदावत असताना चालू राहिलेली जास्त मात्रा किंवा विनाकारण दिलेली अपुरी मात्रा शोधून काढण्याचे काम पूर्णपणे कागद वाचणाऱ्याच्या चिकाटीवर येऊन पडते.

या इतिहासाचा निष्कर्ष स्पष्ट आहे. शुश्रूषागृहांतील वॉरफरिनचे बरेचसे गंभीर अपाय ज्ञानाच्या अभावाने झाले नाहीत. मात्रा कशी ठरवावी, कोणत्या प्रतिजैविकाने काय होते आणि कोणत्या आकड्याला थांबावे, हे सर्व फार्मासिस्टला ठाऊक होते. ते जाणणाऱ्या माणसाला कायद्याने महिन्यातून एकदा येण्याची सक्ती केली, पण वेळेवर कृती करण्याचा अधिकार दिला नाही. जिथे लेखी कराराने तो अधिकार दिला गेला, तिथे हेच औषध फार्मासिस्टच्या हाती सोपवता आले. म्हणून पुढचा कोणताही नियम करताना आढावे किती झाले हे मोजण्यापेक्षा, प्रतिजैविक सुरू झाल्यापासून मात्रेचा फेरविचार होईपर्यंत किती तास गेले, हे मोजणे अधिक उपयोगाचे ठरेल.